पाण्याची पाळी

आमच्या गावात पाणी वेळेनं मोजतात.
डोंगराच्या पोटातून पाट येतो, त्याला फलज म्हणतात.
दिवसा काठीच्या सावलीवर, रात्री ताऱ्यांवर
ठरतं, कुणाच्या खजुरांना किती.
एका वाट्याचं नाव अथर :
सव्वा घटका, थोडी इकडेतिकडे.

हमूद, माझे आजोबा, चाळीस वर्षं गावाचे अरीफ,
पाणी वाटणारे.
घड्याळ आलं तेव्हा त्यांनी ते मनगटावर बांधलं
आणि ताऱ्यांवरून लावून घेतलं.

मी गुहेत वेळ पाण्यानं मोजते.

तीन तास चढ, मग दोर, मग पोटावर सरपटत.
आत कोमट ओल, वटवाघळांचा उग्र वास,
आणि बॅटरीच्या उजेडात
माझ्या कमरेइतका एक लवणस्तंभ.
थेंबे थेंबे इथं तळं साचलं नव्हतं,
उभं राहिलं होतं.

कापून आणला आम्ही तो.
कागद होता, मस्कतचा शिक्का होता.
तरी घोंगडीत गुंडाळून गाढवावर आडवा बांधल्यावर
वाटेतल्या बाईनं विचारलंच,
"कोण आजारी आहे गं, शमसा?"

प्रयोगशाळेत हिऱ्याच्या करवतीनं उभा चिरला.
आत रेघा. लोण्याच्या, मधाच्या, मळक्या दाताच्या रंगाच्या.
दंतवैद्याच्या ड्रिलनं खालून वर
चिमूट चिमूट पिठी काढली, नऊशे बाटल्या.
पिठीतला प्राणवायू हलका निघाला
तर त्या काळी दक्षिणेचा समुद्र ढगांवर बसून इथवर आला होता.
जड निघाला तर उत्तरेचं तुरळक शिंतडणं,
तेवढ्यावर भागवलेलं.

आणि वय?
युरेनियम पाण्यात विरघळून आत येतं,
थोरियमला पाण्यातून येता येत नाही.
म्हणजे दगडात जेवढं थोरियम,
ते सगळं त्याच घरात जन्मलेलं.
नातवंडं मोजायची आणि घर किती जुनं ते सांगायचं.

आजोबांना मस्कतला डोळे दाखवायला आणलं होतं.
चिरलेला दगड त्यांनी मांडीवर घेतला.
मी बोट फिरवत गेले : इथं हिरवळ असणार, इथं तळी,
हा एवढा जाड पट्टा बघा, काय पाऊस असेल.
त्यांनी विचारलं, "नव्हता तेव्हाचं कुठाय?"

केसाएवढी एक तपकिरी रेघ.
तिच्या खालचा दगड सव्वा लाख वर्षांचा,
वरचा दहा हजारांचा.
मधलं काहीच नाही, म्हटलं. थेंब थांबला
की दगड लिहीत नाही.

ते नखानं ती रेघ चाचपत राहिले.
डोळ्यांत औषध घातलेलं, दिसत नसावंच.
मग म्हणाले, मी तरणा असताना
फलज तीन वर्षं कोरडा पडला.
निम्मं गाव कुवेतला गेलं.
मी रोज रात्री पाटाच्या तोंडाशी जायचो,
तारा डोंगराआड गेला की हाक द्यायचो,
सईदची पाळी संपली, झुवैनाची सुरू.
पाटात पालापाचोळा. झुवैना तर
मुलांना घेऊन माहेरी.

"कशाला पण?"

"पाणी आलं त्या पहाटे
कुणाची पाळी होती, ते मला माहीत होतं."

माझ्या शोधनिबंधात त्या जागी एक शब्द आहे, खंड,
आणि आलेखात दोन वक्रांच्या मध्ये
कोरा कागद. हाक कुठं लिहायची
ते मला सुचलं नाही.

गुहेत कापल्या जागी आता काचेची चकती ठेवली आहे.
वर छताला थेंब लोंबतो, फुगतो, विचार बदलल्यासारखा थांबतो.
गेल्या खेपेला दोन थेंबांत एकोणीस मिनिटं होती.
या खेपेला दिवा मालवून बसले आहे.
पंचवीस झाली.
सव्वा घटका व्हायला पाच कमी.
सईदची, मी अंधारात म्हणते,
आणि थांबते,
पुढचं नाव कुणाचं होतं ते आठवत.